गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं

'मी पोचलो.'

एवढाच मेसेज मी त्याला केलता आणि त्यावरनं सगळा घोळ झाला. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतो, आई तशीच बोलते, आजी तशीच बोलायची, त्यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. (इथं मी 'गेले', 'आले' लिहितेय, कारण शाळेत बाईंनी निबंधाचे मार्क कापून कापून ती सवय लावली. तोंडात मात्र 'गेलो'च.) पण तो पडला नाशिकचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिझाइनला आहे, कोल्हापुरात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झालेले, आणि आमच्या मावशीनं कुठनं तरी ओळख काढून त्याचं स्थळ आणलेलं. 'मी पोचलो' वाचून त्याला वाटलं मुलीच्या फोनवरनं तिचा भाऊ मेसेज करतोय, म्हणजे आधी भाऊ येऊन बसलाय, तो आपल्याला बघणार आणि पसंत पडलो तर मग बहिणीला बोलवणार. त्यामुळं तो बिचारा कॅफेत बसून मिशावाला कोल्हापुरी भाऊ शोधत होता आणि मी पलीकडच्या टेबलवर बसून नाशिकचा मुलगा शोधत होते. पंधरा मिनिटं. फोन दोघांनीही केला नाही. का, ते पुढं येईल.

त्या कॅफेबद्दल काय सांगू. राजारामपुरीतलं होतं एवढंच सांगते. टेबल एवढं छोटं की दोघांचे गुडघे लागू नयेत म्हणून दोघंही तिरके बसलेलो, गाणी एवढी मोठ्यानं की प्रत्येक वाक्याला 'काय?' म्हणावं लागायचं. आणि मुळात बोलायला काही नव्हतंच हो, जे थोडकं होतं ते दोनदा ओरडून सांगायला लागल्यावर त्याची पार चव गेली. 'तुम्हाला वाचायला आवडतं का?' हा प्रश्न ओरडून विचारून बघा एकदा. त्यात भर म्हणजे कोल्हापूर. इथं कुठंही बसा, ओळखीचं माणूस तुम्हाला हुडकत येतंच. एक काकू आल्या, खांद्यावर हात ठेवला, 'अगं तू सरांची धाकटी न्हवं?' म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघून मला फक्त भुवया उडवून दाखवल्या. कोल्ड कॉफीवरचा फेस बसला तरी आमचं 'तुमचं गाव कुठलं, आमचं गाव कुठलं' संपलं नव्हतं.

घरी आले तर आई दारातच. 'कसा हाय?'

'बोलतच नाही.'

'मग तुझ्यागतच की.' असं म्हणून ती भाकरी थापायला गेली सुद्धा.

आता माझ्यासारख्यांना आमच्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला माहितीच आहे. घुमी. एकलकोंडी. तोंडात मूग गिळून बसलेली. पाहुण्यांत 'जरा लाजरी आहे हो' म्हणून सावरून घेतात, पण मी लाजरी नाही, हे मला स्वतःला कळायला पण पंचवीस वर्षं गेली. लाजरं माणूस लोकांना बिचकतं. मी बिचकत नाही, मी दमते. लग्नाच्या हॉलमधनं तीन तासांनी बाहेर पडले की मला ऊस तोडून आल्यासारखं वाटतं आणि माझी बहीण त्याच हॉलमधनं चार्ज होऊन निघते. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी कार्ल युंगनं 1921 साली मांडली, आणि सोप्या भाषेत त्याचं म्हणणं एवढंच की काही माणसांचा ओढा बाहेरच्या जगाकडं असतो, काहींचा आत. शंभर वर्षं झाली ह्याला. शिवाजी पेठेत ही बातमी अजून पोचायचीय.

तर दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. 'पुढच्या वेळी जिथे फार बोलावं लागणार नाही अशा ठिकाणी भेटूया का?'

मी तो तीनदा वाचला. आयुष्यात मला कुणी एवढं रोमँटिक बोललं नव्हतं, खरंच सांगते.

जागा मी सुचवली, टाउन हॉल म्युझियम. सीपीआर दवाखान्यासमोर. कोल्हापूरचं माणूस तिथं आयुष्यात एकदाच जातं, चौथी-पाचवीच्या सहलीला, रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि परत कधी नाही. म्हणजे काकू भेटायचा धोका जवळपास शून्य. 1870च्या दशकातली दगडी इमारत, टोकदार कमानी, बाहेर बागेत तोफा, आत गार. आणि मुख्य म्हणजे तिथं मोठ्यानं बोललं तर आपल्यालाच कसंसं होतं, त्यामुळं गप्प राहणं हा तिथला शिष्टाचारच, आपला दोष नाही.

आत ब्रह्मपुरीच्या वस्तू आहेत. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी, जुनं कोल्हापूर तिथंच. 1940च्या दशकात तिथं उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातल्या वस्तूंबरोबर रोमन बनावटीच्या वस्तू पण निघाल्या. त्यातला एक छोटासा काशाचा पुतळा. पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर कुठनं तरी जहाजात बसून कोकणच्या बंदरात उतरला असणार आणि मग घाट चढून आमच्याकडं आला असणार. एक हात वर उचललेला, अंगावर कपडा नाही, आणि चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नाही. आम्ही दोघं त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो, कुणीच काही बोललं नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ह्या गप्प बसण्याला काट्यासारखं टोचणारं काही नाही. मग तो हळूच म्हणाला, 'समुद्र नाही काही नाही, हा इथे करत काय होता?'

मी म्हणलं, 'तुम्ही तरी काय करताय?'

हसला. माझ्याकडं नाही, पुतळ्याकडं बघून हसला. आणि बघा, तिथंच मला कॅफेचं गणित सुटलं. समोरासमोर बसवलं की आमच्यासारख्यांचं सगळं लक्ष आपलं तोंड कसं दिसतंय, हात कुठं ठेवायचे, आता काय विचारायचं ह्यातच जातं. तिसरं काहीतरी समोर ठेवा, पुतळा, पाणी, म्हैस, काहीही, आणि दोघांना शेजारी शेजारी उभं करा, म्हणजे डोळ्यांना जागा मिळते आणि बोलणं आपोआप येतं, आलं नाही तरी पुतळा आहेच. कोल्हापुरातल्या कट्ट्यावरच्या पोरांना हे जन्मजात माहीत असतं, ती कधी समोरासमोर बसत नाहीत, सगळी एका ओळीत रस्त्याकडं तोंड करून बसतात.

मग रंकाळा. हो, रंकाळ्यावर सगळं गाव असतं, मान्य. पण ते सगळं गाव चौपाटीच्या बाजूला असतं, भेळ, मक्याची कणसं, फुगे, घोडा. तळ्याला फेरी मारायला लागलं की माणसं पातळ होत जातात, आणि चालताना ओळखीचं कुणी दिसलंच तर थांबायचं नसतं, 'वॉकला आलोय' म्हणलं की माफी असते. पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा, पाण्यात संध्यामठ. ह्याच संध्यामठाचं चित्र आबालाल रहिमाननी काढलंय, मुंबईत जे.जे.ला शिकून परत कोल्हापूरला आलेला आणि इथलीच तळी, नदीकाठ रंगवत बसलेला माणूस. मला ते चित्रकार म्हणून आवडतात, आणि गर्दीकडं न जाता पाण्याकडं गेले म्हणून जरा जास्तच आवडतात.

तिथं मी त्याला नंदीची गोष्ट सांगितली. आमची आजी सांगायची, रंकाळ्याजवळचा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी मी रात्री झोपताना हिशेब करायचे, आज किती सरकला असेल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तांदूळ कुठला?'

'म्हणजे?'

'म्हणजे कुठला तांदूळ त्यावर अवलंबून आहे ना सगळं.'

इंजिनियर माणूस. मी तेव्हा विषय सोडून दिला.

त्याच फेरीत त्यानं मोबाइलवर ते 36 प्रश्न काढले. 1997 साली आर्थर अ‍ॅरन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केलेला, अनोळखी दोन माणसांना जोडीनं बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावायचे, आधी हलके, मग हळूहळू खोल, आणि बघायचं की तासाभरात माणसं किती जवळ येतात. नेटवर त्याला 'प्रेमात पाडणारे प्रश्न' करून टाकलंय, मूळ प्रयोग जवळीक कशी तयार होते त्याबद्दल होता. मला असल्या गोष्टींचा जरा रागच येतो, क्लासची टेस्ट सिरीज असल्यासारखं वाटतं. पण तिसरा प्रश्न असा की फोन करण्याआधी तुम्ही काय बोलणार त्याची मनात तालीम करता का, आणि का?

आम्ही दोघंही थांबलो. म्हणजे चालायचे थांबलो.

मी म्हणलं, मी गॅस एजन्सीला फोन करायच्या आधी कागदावर लिहून घेते. तो म्हणाला, तो स्वतःच्या सख्ख्या काकांना फोन करायच्या आधी घरात फेऱ्या मारतो आणि काका उचलायच्या आत कट करतो, आणि मग काकांचा परत फोन आला की 'चुकून लागला' म्हणतो. आणि त्या दिवशी कॅफेत? त्या दिवशी तो पंधरा मिनिटं 'नमस्कार, मी आलोय, आपण कुठे बसलाय' हे वाक्य मनात घोळवत होता, 'आपण' म्हणू की 'तुम्ही' ह्यावर अडकलेला, कारण भाऊ मोठा की धाकटा माहीत नव्हतं. मी काय घोळवत होते ते मी सांगितलं नाही, इथं पण सांगणार नाही. चौथ्या प्रश्नावर आम्ही गेलोच नाही. 33 प्रश्न अजून शिल्लक आहेत.

सगळंच असं छान झालं नाही. एका रविवारी सकाळी मिसळ खायला गेलो, वेटिंगला तासभर, आणि आत गेल्यावर शेअरिंगच्या टेबलवर पलीकडं बसलेल्या दोघांनी आमच्या वतीनं सगळं बोलून घेतलं. 'भावा, कट घे की अजून!' भावानं घेतला. संध्याकाळपर्यंत भावाचा फोन बंद. मित्रांनी तिकिटं दिली म्हणून शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला गेलो ते तर विचारूच नका, इथले संघ तालमींचे, म्हणून तालमी-तालमीची ईर्षा, मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्याला वाटलं आता मारामारीच होणार, हाफ टाइमला बाहेर आलो. आणि दर वेळी असं काही झालं की तो पुढं चार-पाच दिवस गप्प. मेसेज नाही, काही नाही. मी पण नाही. मावशी आईला फोन करून विचारायची, 'मोडलं का गं?' मोडलं काय मोडलं! दोन्हीकडच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या, पण हे मावशीला कुठल्या भाषेत सांगायचं?

मला विचाराल तर सगळ्यात भारी गुऱ्हाळ. डिसेंबर होता, रत्नागिरी रोडला केर्लीच्या आसपास उसाच्या फडातनं धूर दिसला आणि गाडी आत घातली. हे प्लॅनमध्ये नव्हतंच, पन्हाळ्याला जायचं होतं. गुऱ्हाळावरचं माणूस कामात असतं, त्याला तुमचं कोण-कुठलं ऐकायला वेळ नसतो, 'काय पावणं, कुठनं आलासा' म्हणतात आणि उत्तर यायच्या आधी काहिलीकडं, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईकडं, वळतात. एका म्हाताऱ्या गुळव्यानं मला फक्त 'पोरी, हिकडं बस, धूर तिकडं जातोय' एवढं सांगितलं. उपडी बादली दिली बसायला. एक बादली. तो चिपाडाच्या ढिगावर बसला.

आणि मग आम्ही अडीच तास काहीही केलं नाही. घाण्यातनं रस येतोय, काहिलीत पडतोय, खाली चुलवाणात एक पोरगं वाळलेली चिपाडं सारतंय, आणि रस तापत जातो तशी वर काळपट मळी जमते. तिच्यात भेंडीच्या झाडाचा चीक घातलेलं पाणी ओततात, बुळबुळीत, आपली भाजीची भेंडी असते तसलंच रानभेंडीचं, त्यानं मळी धरून वर येते आणि मग झाऱ्यानं काढून टाकायची. आधी राखाडी हिरवं, मग मातकट, मग एकदम कधीतरी पिवळं व्हायला लागतं. नेमकं कधी ते सांगता येत नाही, आम्ही दोघं डोळे लावून बसलेलो तरी सुटलं. बुडबुडे आधी बारीक, खळखळ करणारे, मग जाड, फुगून 'भप्' करून फुटणारे. त्यानं घड्याळ लावून ठेवलेलं, गुळव्याकडं घड्याळ नाही. म्हातारा बोटानं थोडा पाक पाण्यात सोडायचा, चिमटीत गोळी करायचा, मान हलवायचा, नाही अजून. परत. नाही अजून. आणि मग एकदम सगळ्यांची पळापळ, काहील उतरवली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली, आणि त्या वासानं माझं आख्खं बालपण नाकात आलं.

कुणीतरी द्रोणात गरम काकवी आणून दिली. एकच द्रोण. त्यानं माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, 'तू घे आधी.'

तू. चार महिने 'तुम्ही' चाललेलं. आमच्याकडं दोन मिनिटांत 'तू' होतं, पण मी त्याच्यासाठी थांबलेले. मी काकवी घेतली, जीभ भाजली, काही बोलले नाही. तो पण काही बोलला नाही. घरी येताना अर्ध्या किलोचा गूळ घेतला, अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज, 'तुमच्या जिभेला बरं आहे का?'

परत तुम्ही! मी फोन उशीखाली ठेवला आणि एकटीच हसत बसले.

ज्यांना असल्या जागा पाहिजेत त्यांच्यासाठी सांगते, करवीर नगर वाचन मंदिर, 1850 सालापासनं गप्प बसायची सोय आहे तिथं. विद्यापीठाच्या आवारात भल्या सकाळी. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर, समोर म्हैस पिळतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात, तिथं सगळ्यांचं लक्ष म्हशीवर, आणि दोघांच्या ओठांवर पांढरी मिशी आल्यावर ऐट कसली करणार. पन्हाळा आठवड्याच्या मधल्या दिवशी, शनिवार-रविवार अजिबात नाही. आणि पावसाच्या तोंडावर राधानगरीच्या जंगलात काजवे. तिथं अंधार पाहिजे, बॅटरी लावायची नाही, आरडाओरडा करायचा नाही. मला कुणी डेटचे नियम लिहायला सांगितले असते तर मी हेच लिहिले असते. आम्ही अजून गेलो नाही, घरात रात्रीचं विचारायचंय, आणि त्याची तालीम चाललीय.

परवा दुपारी ऑफिसात होते. मार्च जवळ आला की आमच्याकडं अकाउंट्सला मान वर काढायला फुरसत नसते. त्याचा फोटो आला. वर्कशॉपमधला. ऑइलनं काळं झालेलं टेबल, त्यावर पांढरा कागद, आणि बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या जबड्यात एक गव्हाचा दाणा. खाली लिहिलेलं, 'गहू 6.3 मिमी.' मग दुसरा फोटो. 'बासमती 7.4. म्हणजे नंदी उलटाच चाललाय.' मग बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग तिसरा फोटो, बुटका पांढरा दाणा. 'आजऱ्याचा घनसाळ, कॅन्टीनच्या मावशींकडून आणला. 5.0. रोज 1.3 मिमी पुढे. वर्षाला साधारण 47 सेंटिमीटर.'

मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. बरोबर होतं.

मग परत टायपिंग. थांबलं. परत टायपिंग. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, शॉपच्या बाहेर फेऱ्या मारत असणार.

'रविवारी टेप घेऊन येतो. नंदीपासून पाण्यापर्यंत किती राहिलंय ते मोजू. तू येशील का?'

मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. 'येते' लिहिलं, ते पण पुसलं. समोरच्या टेबलवरची मैत्रीण विचारायला लागली, एंट्री चुकली काय गं. शेवटी पाठवलं.

'येतो की.'